बिलाच्या काउंटरवर जाण्याआधी

डोंबिवली (पूर्व)

चि. सोनूस,


सोमवारपासून तू कराडच्या नव्या सुपरमार्केटात बिलिंगला उभी राहणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर ती म्हणाली, "मशीनच सगळं करतं गं, पोरीला नुसतं 'टीं' वाजवायचंय." काळजीनेच म्हणाली ती, पण मला ते लागलं. इतकी वर्षं मी याच कामावर घर चालवलंय. फोनवर अर्धं सांगून अर्धं राहून जातं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घे. त्या एवढ्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाशी माणूस म्हणून बोलणारी तू जवळजवळ एकटीच असशील. तुझे आजोबा वाण्याकडे जायचे तेव्हा डाळ तोलणारा, भाव सांगणारा, उधारी लिहून ठेवणारा आणि तूर महागली म्हणून त्यांच्याबरोबर हळहळणारा एकच माणूस असायचा. गिऱ्हाइकाने स्वतःच फळीवरून माल उचलावा आणि जाताना पैसे द्यावेत, ही पद्धत क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने १९१६ साली अमेरिकेत, मेम्फिसमधल्या आपल्या 'पिगली विगली' या दुकानात आणली. माल स्वस्त झाला, निवड वाढली, हे खरंच. पण वाणी मधून गेला आणि राहिला फक्त पैसे घेणारा. भाव ठरवणारे ऑफिसात बसतात, ऑफर ठरवणारे आणखी कुठे लांब, रॅकवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या दुकान उघडण्याआधीच कुणीतरी लावून गेलेलं असतं. गिऱ्हाइकाची यांतल्या कुणाशीच गाठ पडत नाही. त्याला जे बोलायचंय ते तो तुलाच बोलणार.

गेल्या वर्षीचंच बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं अठरावरून पाच टक्क्यांवर आली, तूप-लोणी बारावरून पाचवर. नवरात्राची खरेदी सुरू होती. दुकानातल्या पाकिटांवर जुनीच एमआरपी छापलेली आणि लोक सकाळची बातमी ऐकून आलेले. "सरकारने कमी केलंय, तुम्ही मधल्या मधे खाताय," असं मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकलं असेल! साखर, चहा, गोडं तेल आधीपासूनच पाच टक्क्यांत होतं, तिथे उतरायला काही नव्हतं. हे ज्याला समजावून सांगितलं त्याला ते पटलं, पण मागे रांग वाढत होती आणि प्रत्येकाला सांगायला वेळ कुठून आणायचा? तेव्हा मी एक केलं. स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवली आणि पाकिटावरची किंमत व बिलातली किंमत शेजारी शेजारी दाखवली. डोळ्यांनी बघितलं की माणूस निम्मा शांत होतो. तूही आधी दाखवत जा, मग बोल.

मोबाइल नंबरचंही तसंच. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिली आहे. तुला मात्र नंबर विचारायला शिकवतील, कदाचित दिवसाकाठी किती नंबर घेतले तेही मोजतील. कुणी "नाही देत" म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नकोस. नंबर त्याचा आहे. ओरडा बसला तर ही सूचना सुपरवायझरला दाखव, नम्रपणे, पण दाखव.

यातली खरी अडचण तुला पहिल्या आठवड्यातच कळेल. जबाबदारी सगळी तुझ्याकडे आणि अधिकार जवळपास काहीच नाही. एकदा स्कॅन झालेली वस्तू बिलातून काढायची तर सुपरवायझरचं कार्ड लागतं. रॅकवर एक किंमत आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरी असेल, तर खरी कोणती हे ठरवायचा हक्क तुला नाही. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, ही मुद्दाम अडवतेय. अशा वेळी 'मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला सगळे देतात. मी नाही देणार. दिवसभर परक्या माणसांचा राग अंगावर घेतला की लागतंच, आणि लागतं म्हणजे आपण कच्चे असं मुळीच नाही. चेहरा शांत ठेवणं हेसुद्धा काम आहे, त्यालाही ताकद लागते. घरी गेल्यावर थोडा वेळ कुणाशी न बोलता बस. आईला सांगून ठेव, ती समजून घेईल.

आता कामातली माहिती, जी तुला कुणी नीट सांगणार नाही. बारकोड वाचला गेला नाही की खालचे तेरा आकडे हाताने दाबायचे. तेरावा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून एखादा आकडा चुकला तर मशीन तो घेतच नाही. घाबरायचं नाही, पुन्हा दाबायचं. सुरुवातीला ८९० दिसलं की माल भारतात बनला, असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. ८९० चा अर्थ एवढाच की त्या कंपनीने भारतातल्या जीएस-१ संस्थेकडून क्रमांक घेतलाय. माल कुठे बनला ते पाकिटावर वेगळं लिहिलेलं असतं. विचारलं तर सांग, नाही विचारलं तर वाद घालू नकोस.

दहाचं नाणं कुणी नाकारलं तर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये केलेला खुलासा लक्षात ठेव. तोवर निघालेल्या दहाच्या नाण्यांचे चौदा प्रकार होते आणि चौदाही चालतात. सुट्ट्याऐवजी चॉकलेट द्यायला सांगितलं तरी आधी विचार, "चालेल का?" रुपया लहान असला तरी तो गिऱ्हाइकाचा आहे. आणि मोठी नोट हातात आली की किती दिलेत ते तोंडाने म्हण, "पाचशे दिलेत, काका." गल्ल्यात टाकायच्या आधी म्हण.

हाकेचंही सांगते. चाळिशीच्या बाईला 'काकू' म्हटलेलं क्वचितच आवडतं, 'ताई' कुणालाच खटकत नाही. म्हाताऱ्या माणसांना 'आजी', 'आजोबा' म्हटलं की ती पिशवी भरायला लागलेला वेळ मनावर घेत नाहीत.

सोनू, आता जे लिहिणार आहे ते नीट वाच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कधीतरी एक बाई येईल. बास्केट घेतलेली, ट्रॉली नव्हे. एका हातात पैसे आधीच मोजून घट्ट धरलेले. नजर तुझ्याकडे नसेल, स्क्रीनवरच्या आकड्याकडे असेल, आणि प्रत्येक 'टीं'बरोबर तिचे ओठ हलत असतील. बरोबर पोर असेल आणि पोराने मधेच एक चॉकलेट टाकलेलं असेल. ती बाई हिशोब करतेय, आणि तो हिशोब सगळ्या रांगेसमोर चुकेल या भीतीने तिचा जीव अर्धा झालाय, हे तुला ओळखता आलं पाहिजे. ओळखलंस की हात जरा सावकाश चालव. तेल, पीठ, डाळ, मीठ, साबण आधी घे. बिस्किटं, शाम्पू, चॉकलेट शेवटी राहू दे. मधेच हळू आवाजात, सहज विचारल्यासारखं, "इथवरची टोटल सांगू का, ताई?" असं म्हण. ती थांबवेल तिथे थांब. न स्कॅन झालेली वस्तू बाजूला ठेवायला कुणाचं कार्ड लागत नाही, सुपरवायझर लागत नाही, रांगेला काही कळतही नाही. पण तीच वस्तू स्कॅन होऊन गेली की "आयटम कॅन्सल!" अशी आरोळी सगळ्या दुकानात जाते आणि ती बाई पुन्हा कधी त्या दुकानात येत नाही. तशी वेळ आलीच तर ओरडू नकोस, नुसता हात वर कर. चार पावलं चालत यायला सुपरवायझरचं काही बिघडत नाही.

हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मिनिटाला किती वस्तू स्कॅन होतात ते मोजतात. हे मोजत नाहीत, म्हणून ते नसल्यासारखंच धरतात. तुझ्या आईला 'टीं' ऐकू येतं. त्या दोन 'टीं'च्या मधली ही जागा तिला दिसली नाही, पण तुझं सगळं कसब तिथेच लागणार आहे.

बिल उभ्याउभ्या ओळीओळीने तपासणारे निवृत्त आजोबाही भेटतील. मागची रांग कुरकुरते, बरोबरची मुलं कंटाळतात. त्यांचा राग करू नकोस. पेन्शनच्या पैशांत घर चालवणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे, आणि रॅकवरची जुनी चिठ्ठी त्यांच्याच नजरेत पहिली येते. सुटा माल वजन न करता, स्टिकर न लावता थेट काउंटरवर आणणारे रोज येतील. त्यांना परत पाठवताना मागच्याचं बिल मधे घेऊ का, हे आधी त्यांनाच विचार. फोनवर बोलत बोलत पैसे पुढे सरकवणारे येतील, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काही जण हाताला हात लागू नये म्हणून नोट वरून सोडतात. त्याचं कारण मला ठाऊक आहे, तुलाही कळेल. तू मात्र सुट्टे पैसे सगळ्यांच्या हातातच दे, त्यांच्याही.

अंगावर येऊन बोलणारा, घाणेरडं बोलणारा, मोबाइल काढून तुझं शूटिंग करणारा माणूस मात्र समजून घ्यायचा नसतो. स्कॅनर खाली ठेव, एक पाऊल मागे हो आणि सुपरवायझरला बोलाव. ग्राहकाला कायद्याने दिलेले हक्क खरे आहेत, १९८६ चा कायदा होता, आता २०१९ चा आहे. ते मिळवायला माणसं झगडली आहेत, म्हणून मला त्यांचा आदर आहे. पण शिवी देण्याचा हक्क त्यांत कुठेही नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद झाल्या तेव्हा किराणा अत्यावश्यक होता, म्हणजे आम्हीही. जमिनीवर रंगवलेल्या गोलांत लोक उभे असत आणि प्रत्येक जण आमच्या हातून पीठ, तांदूळ, साबण घेऊन जाई. त्या दिवसांत या कामाला कुणी हलकं म्हटलं नाही. लोक ते इतक्या लवकर विसरले याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पायांचं. दिवसभर उभं राहायचं असतं. माझ्या पिंडऱ्यांतल्या निळ्या शिरा तू पाहिल्या आहेस. केरळात दुकानांत काम करणाऱ्या बायकांना बसायची मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी उभं राहायचं. कोळिकोडच्या पी. विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, 'पेणकूट्ट' ही संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये केरळ सरकारने कायदा बदलून बसायची सोय सक्तीची केली. त्याच वर्षी बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचं नाव घेतलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी एवढं करावं लागलं. पण झालं. तेव्हा पहिल्याच दिवशी काउंटरमागे स्टूल आहे का ते बघ. नसेल तर बाकीच्या मुलींशी बोल आणि सगळ्या मिळून मागा. एकटीने मागू नकोस, एकटीला 'नखरे' म्हणतात.

नेमणूक दुकानाकडून आहे की एजन्सीकडून, हे कागदावर बघून घे, तोंडी ऐकू नकोस. आठवड्याची सुट्टी हक्काची असते, ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो, आणि रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तुझी संमती लागते. पगार एकवीस हजारांच्या आत असला तर ईएसआयसी कापली गेली पाहिजे, तुझ्याकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन. तिचं कार्ड मागून घे, आईच्या औषधांनाही ते उपयोगी पडेल. पीएफचा यूएएन नंबर लिहून ठेव. पहिली पगाराची चिठ्ठी हातात आली की मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठव, आपण दोघी ओळीओळीने वाचू. आणि मऊ तळाचे बूट घे, एक नंबर मोठे, संध्याकाळी पाय सुजतात. पैसे मी पाठवते, नाही म्हणू नकोस.

तुझी
मावशी