उलटे आटे

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची सायकल चार पावसाळे ओसरीत पडून होती. शाळेत पायी येणाऱ्या एका मुलीला ती द्यायचे आम्ही भावंडांनी ठरवले; पण पायडलचा मधला एक्सल गंजून जाम. कॉटर ठोकून काढले, डावी वाटी सुटली. चेनकडची उजवी हलेना. पान्याला पाइप लावून डावीकडे जोर केला, व्यर्थ.

गोरेगावच्या बाजारातले मिस्त्रीचाचा हसले, "मास्टर, उर्दू पढाते ना? फिर सीधे हाथ को घुमाओ. इसके आटे उलटे." चालवताना वाटी आपोआप सुटू नये, म्हणून ही रचना.

रात्रभर डिझेल मुरवले. सकाळी पाना उजवीकडे फिरवला. कर्र! वाटी निघाली. आत अब्बांनी भरलेले ग्रीस काळे पडून तसेच होते. पुसताना हात अडले. मग नवे छर्रे बसवले.

सोमवारी ती मुलगी घंटेच्या आधी शाळेत होती.