मोल आणि मात्रा

मराठीच्या अध्यापकाला 'मोल' हा शब्द परका नाही. 'मूल्य' या संस्कृत शब्दापासून तो आला आणि मोलमजुरीपासून अनमोलपर्यंत आपल्या बोलण्यात रुजला. रसायनशास्त्रातला मोल मात्र जर्मनमार्गे आलेला, केवळ उच्चाराने त्याचा जुळा. विज्ञान शाखा सोडून आमच्या वर्गात येणारे काही विद्यार्थी या दुसऱ्या मोलाला भिऊन आलेले असतात, आणि त्या भीतीला साहित्याची ओढ समजून आम्ही अध्यापक समाधान मानतो. ही भीती कितपत खरी, हे एकदा तपासावे असे आम्हांस वाटते.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. 2021 साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेले, तरी द्राक्षाच्या गोष्टी येथे अजून निघतात. वेलीवर भुरी आली तर गंधक आणि केवडा आला तर मोरचूद, हे बागायतदाराला पाठ असते. एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाला 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना लागतो. या एक किलो मोरचुदात तांबे सुमारे 254 ग्रॅम आणि गंधक सुमारे 128 ग्रॅम असते. तराजू सांगतो की तांबे दुप्पट आहे. वस्तुतः मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक अणूमागे गंधकाचा एकच अणू असतो. म्हणजे दोहोंची संख्या अगदी सारखी.

हे कोडे आमच्या छंदःशास्त्रात पूर्वीच सुटलेले आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. विद्युन्मालेच्या चरणात आठही अक्षरे गुरू, म्हणून मात्रा सोळा; तेवढ्याच मात्रा केवळ लघूंनी भरायच्या तर अक्षरे सोळा लागतील. भार तोच, संख्या निराळी. एकूण मात्रांना एका अक्षराच्या मात्रांनी भागले की अक्षरसंख्या मिळते. रसायनशास्त्रज्ञही हेच करतो. एका मोलाचे वजन तांब्यासाठी 63.5 ग्रॅम, गंधकासाठी 32 ग्रॅम. दिलेल्या वजनाला त्याने भागले की मोल मिळतात. एक किलो तांब्यात 15.7 मोल, एक किलो गंधकात 31.2. कोणत्याही मूलद्रव्याच्या एका मोलात अणू तेवढेच, म्हणजे 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात. त्यामुळे हा अवाढव्य आकडा न लिहिताही तुलना होते. तांबे येथे गुरू, गंधक लघू.

अर्थात साम्याला मर्यादा आहे. गुरू नेमका दोन मात्रांचा असतो, तांबे गंधकाच्या नेमके दुप्पट नसते. शिवाय छंदात भार दोनच प्रकारचे, मूलद्रव्यांत मात्र प्रत्येकाचा वेगळा. परंतु भार आणि संख्या या दोन गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जाण्यास एकेकाचा भार ठाऊक असावा लागतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

ज्या विद्यार्थ्याला चरणाच्या मात्रा मोजता येतात, त्याला मोल समजण्याची पात्रता निश्चित आहे. 'मला गणित जमत नाही' असे म्हणत तो वृत्ताचे लगक्रम बिनचूक मांडतो, तेव्हा तो गणितच करीत असतो. हे त्याला सांगणे विज्ञानाच्या अध्यापकांवर सोडून आम्हांला मोकळे होता येणार नाही.