करकर

नवी कोल्हापुरी चावतेच. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरलेलं जाड कातडं ते. पायाचं ऐकायला आठ-पंधरा दिवस घेतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिलं वर्ष पास झालो म्हणून आबांनी हा जोड घेऊन दिला. रात्री पट्ट्यांना आतून गोडेतेल चोळायचं, सकाळी घालून थोडं चालायचं, फोड आला की अंगठ्याला चिंधी गुंडाळायची. हे शास्त्र आबांचंच.

चावणं कमी झालं, पण वाजणं गेलं नाही. तासाला उशीर झाला की करकर ऐकून सारी बाकं वळून बघतात. (सर तर हजेरीच थांबवतात!) २०१९ साली महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांच्या या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वर्गात ते कोण लक्षात घेतो?

तळाला तेल मुरवलं की ती गप्प होते म्हणतात. बाटली घेऊन बसलो, तर आजी चुलीपुढून म्हणाली, "मामंजी पाटलाच्या वाड्याम्होरनं जाताना वहाणा काढून काखंत मारायचं, बाळा. वाजू दे की."

हल्ली तेल फक्त पट्ट्यांना लावतो.