चौकटींची गर्दी

हिंदमाता हे नाव घेतले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात : साड्यांची दुकाने आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी. मला तिसरीही आठवते, ती म्हणजे एक नकाशा. याच परिसरातील एका कचेरीच्या संगणक विभागात माझ्या नोकरीची पुष्कळ वर्षे गेली. कचेरीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही.

हा नकाशा रस्त्यांचा नव्हता. कोण कोणावर विसंबून आहे, याचा होता. काउंटरवर पावती छापायची तर पावतीचा प्रोग्राम चालू हवा, प्रोग्रामला माहिती साठवणारा सर्व्हर हवा, त्या दोघांची गाठ घालून देणारा स्विच हवा आणि या सगळ्यांना वीज हवी. प्रत्येक वस्तूची एक चौकट आणि ती जिच्यावर विसंबून असेल तिच्याकडे जाणारी एक रेघ. एखादी वस्तू बंद पडली तर तिच्यामागोमाग काय काय बंद पडेल, हे एका दृष्टिक्षेपात कळावे एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात दृष्टी जेथे पडे तेथेच अडकून राही. चौकटी शेकड्यांनी होत्या आणि रेघा त्याहून कितीतरी अधिक. भिंतीवरचा तो कागद पाहून आमच्या रोखपाल बाई म्हणत, ‘‘मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा दिसतोय!’’

विभागात नव्याने आलेल्या एका मुलीने हा गुंता सोडवायला घेतला. तिची रीत साधी होती. एकसारखे काम करणारे बारा सर्व्हर होते आणि त्यांतील प्रत्येक जण माहिती साठवणाऱ्या तीन सर्व्हरांशी बोलत असे, म्हणजे रेघा झाल्या छत्तीस. तिने बारांची एक चौकट केली, तिघांची एक केली, चौकटींत आकडे लिहिले आणि छत्तीस रेघांच्या जागी एकच ओढली. काउंटरवरचे चाळीस संगणकही असेच एका चौकटीत बसले. मात्र कोणालाही कोठेही कोंबायचे नाही, हा तिचा कटाक्ष. ज्यांच्या रेघा नेमक्या त्याच ठिकाणांहून येतात आणि त्याच ठिकाणी जातात, त्यांनाच एका घरात जागा. नाव तेच, कंपनी तीच, पण एखादी रेघ जरी वेगळीकडे गेली, तरी ती वस्तू बाहेर राहणार. एक छपाईयंत्र या नियमाने एकटेच उरले होते!

भिंतीवर आता सुटसुटीत कागद लागला. साहेबमंडळी प्रसन्न झाली. आमचे जुने शिपाई मात्र बराच वेळ त्यापुढे उभे राहिले. जूनपूर्वी दारात वाळूची पोती रचण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडेच असे. त्यांनी विचारले, ‘‘मॅडम, यातलं खाली काय हाय नि वर काय हाय?’’

त्या प्रश्नाचे उत्तर नकाशात नव्हते. मुख्य सर्व्हर तळमजल्यावर आणि तो पडला तर काम चालवायचा राखीव सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर. कागदावर दोघे एकाच चौकटीत, आकडा दोन. आणि ‘वीज’ ही तर अगदी जुन्या नकाशापासून एकच चौकट होती. ती उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती. मग ती मुलगी आणि आमचे वायरमन दोन शनिवार तारांचा माग काढीत हिंडले. दोन्ही सर्व्हरांची वीज तळमजल्याच्या मीटरखोलीतील एकाच पॅनेलमधून जात होती, आणि वीज गेल्यावर आधार द्यायच्या बॅटऱ्याही त्याच खोलीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेल्या. गुडघाभर पाण्याने दोघेही एकाच वेळी गेले असते.

माझ्या मते या कामातील खरा विचार ‘सारखे’ या शब्दाचा आहे. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांची यादी आडनावांनुसार लावली, तर सारे डिसोजा एकत्र येतात, सारे परेरा एकत्र येतात. नाव शोधायला ती उत्तम. पण कोणत्या घरांत एकाच वेळी पाणी शिरेल, हे पाहायचे तर यादी गल्लीनुसारच लावावी लागते. माणसे तीच, गठ्ठे निराळे.

गठ्ठा चुकीचा बांधला तर आकडाही फसवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद होती सुमारे ७३ मिलिमीटर. ‘मुंबई’ अशी एक चौकट काढली की या दोन ठिकाणांचे जे होते, तेच तेथे झाले. हिंदमाताचेही तसेच. हा भाग बशीसारखा खोलगट, येथील पाणी रे रोडच्या बाजूने समुद्राकडे जाते, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की त्याची वाट अडते. वॉर्डांच्या सीमा पाणी पाळत नाही. म्हणूनच पर्जन्यजलवाहिन्यांचा विचार करणाऱ्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाला पाणलोट क्षेत्रांची भाषा बोलावी लागली. पुढे महापालिकेने हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या : एक परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली, दुसरी दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन कला पार्कमध्ये. रेल्वेरुळांच्या पूर्वेकडचा रस्ता कोरडा राहावा म्हणून पश्चिमेकडचे उद्यान कामी येते. वॉर्डांच्या चौकटींत ही रेघ शोधूनही सापडायची नाही.

असो. आमच्या कचेरीत खर्चाची फाईल दोन पावसाळे या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. अखेर पॅनेल पहिल्या मजल्यावर गेले आणि राखीव सर्व्हरला स्वतंत्र तार मिळाली. नकाशाचे दोन कागद झाले. एकात कामानुसार गठ्ठे, तो संगणक विभागात राहिला. दुसऱ्यात मजला आणि विजेची तार यांनुसार गठ्ठे, तो दरवानाच्या खोलीत लागला. या दुसऱ्या कागदाच्या तळाशी शिपाईमामांनी पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली होती. पाणी आजवर कोठवर चढले, हे त्यांना पाठ होते.