श्वासांची जपमाळ

सेमिनरीत आम्ही हिब्रू भाषेतला ‘रूआह’ हा शब्द शिकलो. वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात सामावलेले आहेत. परमेश्वराने मातीच्या मानवात प्राण फुंकला, त्या उत्पत्तीच्या कथेवर आम्ही पुढे पुष्कळ प्रवचने केली. परंतु श्वास मोजावयाचाही असतो, हे आम्हांला कोणी शिकविले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

१९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंगरपायथ्याच्या एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. एका रात्री एक बाप दाराशी आला. “फादर, पोराला खोकला झालाय, दूध घेत नाही. येऊन आशीर्वाद द्या.” आम्ही गेलो. सात महिन्यांचे बाळ आईच्या मांडीवर होते. त्याचा श्वास भराभर चालला होता आणि दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. ताप फारसा नव्हता, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पवित्र जल शिंपडले, मस्तकावर हात ठेवला आणि म्हणालो, “सकाळी पहिल्या गाडीने दवाखान्यात न्या.” पहाटेच्या मिस्साची घंटा होण्यापूर्वीच बाळ गेले. ज्या हातांनी त्याचा स्नानसंस्कार केला, त्याच हातांनी आम्ही त्याला मूठमाती दिली.

पुढे काही वर्षांनी गडचिरोलीतील संशोधनाविषयी आमच्या वाचनात आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. ५८ गावांतील आरोग्यसेवक आणि दाया यांना त्यांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर साधे प्रतिजैविक देण्यास शिकविले. तुलनेसाठी ४४ गावे निवडली होती; तेथे नेहमीचीच व्यवस्था होती. शिक्षित सेवकांनी न्यूमोनियाच्या ६१२ आजारांवर उपचार केले. त्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते, तर तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते. हे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे आम्ही त्या झोपडीत उभे होतो, तेव्हा या ज्ञानाला आठ वर्षे होऊन गेली होती!

पुष्कळ दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. हे वाचताना आमच्या खिशातील जपमाळेची आम्हांला लाज वाटली. तिच्यातही दहा-दहा मणीच होते!

प्रौढांच्या बाबतीतही असेच एक संशोधन आपल्या देशात झाले. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने १९३ क्षयरुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये, तर काहींना त्यांच्या घरीच ठेवून वर्षभर औषधे दिली. कोणी कोठे राहावे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नव्हते. ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले. घरच्या उपचारांनीही जवळजवळ तितकाच गुण येतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक बाधा होत नाही, असे दिसून आले. किती मातांचा आपल्या लेकरांपासूनचा वियोग त्यामुळे टळला असेल!

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. ज्या गावांत नवे उपचार पोचले नव्हते, तेथील बालकांच्या मृत्यूंनीही या ज्ञानाला साक्ष दिली आहे. ती साक्ष ऐकून स्वस्थ बसणे हे पाप होय, असे आम्ही मानतो.

म्हणून प्रिय वाचकहो, खोकला झालेले मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बालकाचे ६० वा अधिक, वर्षाच्या आतील बालकाचे ५० वा अधिक, आणि पाच वर्षांच्या आतील बालकाचे ४० वा अधिक श्वास भरले, तर विनाविलंब डॉक्टर गाठा. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध घेत नसेल, तर मोजण्यातही वेळ घालवू नका. सकाळची वाट पाहू नका.

त्या बापाने आम्हांला कधी दोष दिला नाही. त्यानंतरही कित्येक रविवारी तो कम्युनियनसाठी आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आशीर्वादासाठी आजही आम्हांला रात्रीअपरात्री बोलवा, आम्ही येऊ. मात्र प्रथम बाळाचे श्वास मोजू, आणि प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करू.