बांडीची राखण

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ साली रेशीमकोषांची बाजारपेठ उघडली आणि कोष विकायला थेट कर्नाटकात, रामनगरला जाणाऱ्या इथल्या तुतीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तुती वाढली तशी उंदरांचीही चंगळ झाली. चार वेळा कात टाकून गुबगुबीत झालेली अळी, नाहीतर कोषातला किडा म्हणजे त्यांना पंचपक्वान्न. कोषाला एकदा भोक पडलं की सलग धागा निघत नाही आणि महिनाभराची मेहनत कवडीमोल होते.

म्हणून किडे पाळायच्या शेडच्या दाराशी मांजर. आत मात्र तिला मज्जाव. निर्जंतुक केलेल्या शेडमध्ये बाहेरच्या चपला चालत नाहीत, तिथे मांजरीच्या पंजांची काय कथा! बदनापूरकडच्या एका शेडवर पाहिली ती बांडी होती. शेपटाच्या जागी दोन बोटं खुंट. बिळावर नजर रोखून दबा धरलेली, आणि मागे तो खुंट इमानेइतबारे वळवळतोय. शेपूट तोल सांभाळायला असतं म्हणतात. ही पत्र्याच्या कडेवरून बिनघोर चालत गेली.

जपानात आखूड शेपटाच्या मांजरांची जातच आहे. शेपटाचे मणके वळून गोळा झालेले, वर केसांचा गोंडा. आणि एकीचा गोंडा दुसरीसारखा नाही. १६०२ साली क्योतोत फर्मान निघालं की मांजरं बांधून ठेवायची नाहीत, मोकळी सोडायची. उंदरांनी शहर हैराण केलं होतं. रेशीमवाल्यांत तर मांजराची पत एवढी की नित्ता घराण्यातले सरदार स्वतः मांजरांची चित्रं काढत आणि शेतकरी ती किड्यांच्या खोलीत टांगत. चित्राला दूध लागत नाही, हा एक फायदाच. लांब शेपटाचं मांजर म्हातारपणी शेपूट दुभंगून भूत होतं, असाही तिकडचा समज. त्यामुळे आखूड शेपटाला घरोघर मान.

आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या बिनशेपटाच्या मँक्स मांजराचं दुखणं वेगळं. गोल पाठ, लांब मागचे पाय, सशासारखी टुणटुण चाल, शौकीन फिदा. पण जे जनुक शेपूट नेतं तेच पाठीच्या कण्यालाही हात लावतं. आईबाप दोघांकडून आलं तर पिल्लू गर्भातच दगावतं. एकाकडूनच आलं तरी कुणाचे मागचे पाय लुळे पडतात, कुणाचा लघवीवर ताबा राहत नाही. प्रदर्शनात पाठ गुळगुळीत दिसावी म्हणून ही जोखीम मुक्या जिवावर घालायची, हे मला बिलकूल पटत नाही. जपानी गोंड्याचं जनुक निराळं, त्यामागे ही पीडा नाही.

बदनापूरच्या बांडीची वंशावळ मी मोठ्या आशेनं विचारली.

“जन्माची न्हाई ओ,” शेडवाले दादा म्हणाले, “मोटारसायकलच्या चाकात गावली व्हती.”

“आणि पिल्लं?”

“त्यान्ला हातभर शेपट्या हायेत की! दोन न्या, लई झालेत.”