लाईट गेली तेव्हा सुलेखा दारात होती

आमच्या विरारच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळची तीन वेळापत्रकं होती. पहिलं गाडीचं, दुसरं लोडशेडिंगचं आणि तिसरं झी मराठीचं. तिन्ही एकमेकांना जुळली तो दिवस सणाचा. एरवी जुळायची नाहीत. पडद्यावर सुलेखा दार लोटून आत येणार, आदिनाथ मागे वळून बघणार, आणि तेवढ्यात ठप्प! चारही मजल्यांवरून एका सुरात "अरेऽऽ" उठायचा. मग मेणबत्ती शोधताना कुणाचा तरी पाय स्टुलावर आपटायचा, आणि त्या कळवळण्यात स्टुलापेक्षा सुलेखाला जास्त शिव्या असायच्या.

हे 2007 ते 2009 मधलं सांगतोय. तेव्हा झीवर 'असंभव' चालू होती. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं, लेखन चिन्मय मांडलेकरचं. शास्त्र्यांचा वाडा, त्या घरातला आदिनाथ, त्याची शुभ्रा, आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिलेली सुलेखा. वरवर पाहिलं तर नेहमीचाच तिढा. पण तिढ्याची गाठ या जन्मातली नव्हती, मागच्या जन्मातली होती. प्रेम होतं, भीती होती, आणि सून-सासूच्या मालिकांना सरावलेल्या आमच्या आयांना हे प्रकरण फार वेगळं वाटलं. दुपारी भाजी निवडताना त्या मोठ्यानं म्हणायच्या, "असलं काही खरं नसतं गं." आणि रात्री कपडे काढायला एकटीनं गच्चीवर जायच्या नाहीत.

लोडशेडिंगचं दुखणं ज्यांनी भोगलं त्यांनाच ते कळेल. मुंबईत सहसा वीज जात नव्हती. खाडीअलीकडच्या मिरा-भाईंदरलाही खासगी कंपनीची वीज होती. गाडी भाईंदर सोडून पुलावर चढायची, डाव्या-उजव्या हाताला काळंभोर पाणी, मध्ये पाणजू बेट, आणि नायगाव आलं की पुढे सगळा अंधार. डब्यातली एखादी बाई खिडकीतून बघूनच जाहीर करायची, "आपली गेलीये." आपली म्हणजे आपली लाईट, हे सांगावं लागायचं नाही. त्या काळोखात उतरायचं, पिशवी सांभाळत रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, आणि मनात एकच विचार, की पूर्वेची गेली असेल तर पश्चिमेची असेल का? कारण सगळीकडची एकदम जात नसे. स्टेशनच्या पलीकडे मावशी असणं ही त्या काळातली मोठी श्रीमंती होती. आम्ही मावशीकडे जेवायला जायचो असं आई म्हणायची. आम्ही 'असंभव' बघायला जायचो, हे मावशीलाही ठाऊक होतं. ती कूकर उशिरा लावायची.

कधी आपल्याकडे लाईट असायची आणि केबलवाल्याकडची गेलेली असायची. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. हा प्रकार सगळ्यात वाईट. लाईट गेली तर नशीब म्हणता येतं, मुंग्यांना काय म्हणणार? आमच्या आजी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारून म्हणायच्या, "अल्फा लाव बघू नीट." 1999 साली सुरू झालेल्या अल्फा वाहिनीचं नाव 2005 मध्ये झी मराठी झालं होतं. आजींनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

चुकलेला भाग मिळवायची खरी जागा म्हणजे सकाळच्या गाडीचा बायकांचा डबा. तिथं मटार सोलले जायचे, केसांत गजरे माळले जायचे आणि कालचा भाग सांगितला जायचा. आई सांगायची, की विरारहून बसणारीनं सुरुवात करायची, नालासोपाऱ्याला चढणारीनं दुरुस्ती सुचवायची, आणि वसईहून पानाफुलांच्या, केळीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या मावश्या मध्येच विचारायच्या, "मगे काय झाला?" बोरिवली येईपर्यंत भाग पुरा. पण ऐकून ऐकून सांगितलेला भाग मूळचा कसा राहणार? एकीच्या सांगण्यात सुलेखा फक्त बघते, दुसरीच्या सांगण्यात ती हसते, आणि तिसरीच्या सांगण्यात वाड्यातला दिवा आपोआप विझतो. संध्याकाळी आई घरी येऊन आम्हाला जे सांगायची ते तिन्हींची मिसळ असायची. मागच्या जन्माच्या आठवणींवर उभी राहिलेली ती मालिका आम्ही अशी दुसऱ्यांच्या आठवणींतून पाहिली.

मग एक दिवस शुभ्रा बदलली. मानसी साळवीच्या जागी ऊर्मिला कानेटकर आली. त्या दिवशी लाईट होती, केबल होती, सगळं होतं, आणि तरी सगळ्या मजल्यांवरून तोच "अरेऽऽ" उठला. आमच्या काकूंना हे अजिबात पटलं नाही. "रोज बघतो त्या पोरीला, आज एकदम दुसरी?" पण तळमजल्यावरच्या आजी मोठ्या धोरणी. त्या म्हणाल्या, "अगं, गोष्टच मुळी जन्म बदलण्याची. नाव तेच, कुडी वेगळी. एवढं काय?" आठवड्याभरात नवीन शुभ्रा आमची झाली. जुनीची आठवण निघाली की लोक म्हणायचे, "ती आधीची." जणू तीही वाड्यातल्या जुन्या तसबिरीत जाऊन बसली होती.

त्या आजी गिरगावातून आलेल्या. आमच्या बिल्डिंगमधली जवळजवळ सगळीच घरं कुठून तरी आलेली होती. कुणी लालबागहून, कुणी परळहून. 1982 च्या संपानंतर गिरणीतली नोकरी गेलेले काका होते, भावाभावांत खोली विकून वाट्याला आलेल्या पैशात इथं वन रूम किचन घेतलेले होते. नवीन जागेत भिंती स्वतःच्या होत्या, संडास घरात होता, पण पाणी टँकरचं, वीज लहरीची आणि ऑफिस दीड तासावर. संध्याकाळी ही माणसं गॅलरीत उभी राहून बोलायची तेव्हा प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमच्या चाळीत" अशी व्हायची. आमच्या चाळीत गणपती असा बसायचा, आमच्या चाळीत दार कधी लागायचं नाही. लहानपणी आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आता कळतं, की आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्यांना एक मागचा जन्म होता, तो गाडीनं दीड तासाच्या अंतरावर होता, आणि तिथं परत जाता येत नव्हतं. शास्त्र्यांच्या वाड्यातला पुनर्जन्म त्यांना इतका पटला त्याचं कारण कर्मसिद्धांतात शोधायची गरज नाही. ते रोज चर्चगेटला जाताना आपल्या मागच्या जन्माच्या स्टेशनांवरून जात होते.

मालिका 2009 मध्ये संपली. त्याच वर्षी जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. आमचंही नाव तेच आणि कुडी वेगळी, असं आजी म्हणाल्या असत्या. पुढे लोडशेडिंग कमी झालं आणि मावशीकडचं जेवणही.

पण मालिकेतली ती माणसं आम्ही सोडली नाहीत. आदिनाथ झालेला उमेश कामत 'एका लग्नाची तिसरी गोष्ट'मध्ये दिसला, रंगभूमीवर 'नवा गडी नवं राज्य'मध्ये दिसला, 2021 साली मुक्ता बर्वेसोबत 'अजूनही बरसात आहे'मध्ये डॉक्टर झाला. आमच्या काकू प्रत्येक वेळी म्हणाल्या, "आदिनाथ आला बघ." ऊर्मिला कानेटकरनं 2011 मध्ये आदिनाथ कोठारेशी लग्न केलं तेव्हा तर बिल्डिंगमध्ये विजयोत्सवच. शुभ्राला अखेर आदिनाथच मिळाला! तेव्हा तिचा 'मला आई व्हायचंय' आला, मग 'दुनियादारी', आणि पुष्कळ वर्षांनी 'तुझेच मी गीत गात आहे'. मानसी साळवी हिंदीत 'प्यार का दर्द है'मध्ये करारी अवंतिका झाली. 'आधीची' मोठ्या घरात पडली, असं आमचं मत. सतीश राजवाडेंनी 'मुंबई-पुणे-मुंबई' केला. चिन्मय मांडलेकर तर लेखक म्हणून पडद्यामागे होता, तो 'फर्जंद'मध्ये थेट शिवाजी महाराज म्हणून समोर आला. आणि सुलेखा? जिच्या नुसत्या नजरेनं आम्ही चादर डोक्यावर ओढायचो, त्या नीलम शिर्के पुढे बालरंगभूमी परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, मुलांच्या नाटकांसाठी काम करू लागल्या. ज्या मुलांची झोप उडवली त्यांच्या पोरांचं हे देणं असावं.

काही जण मात्र परतले नाहीत. आदिनाथच्या घरातले दीनानाथ शास्त्री, म्हणजे आनंद अभ्यंकर. डिसेंबर 2012 मध्ये पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या अपघातात ते गेले. अभिनेता अक्षय पेंडसे आणि त्याचं लहानगं मूलही त्याच अपघातात गेलं. अभ्यंकर 'मला सासू हवी'मधून तेव्हा रोज घरी येत होते. सकाळी गाडीच्या डब्यात त्या दिवशी कुणी मटार सोलले नाहीत, असं आई सांगते. पुढच्या वर्षी याच मालिकेतले सुहास भालेकर गेले, 'सारांश'पासून चेहरा ओळखीचा असलेले. तळमजल्यावरच्या आजीही त्याच सुमाराला गेल्या.

2014 मध्ये आम्ही ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो, त्याच वर्षी 'जय मल्हार' सुरू झाली आणि म्हाळसा-बानूवरून दोन तट पडले. 2022 मध्ये 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' आली. ऐश्वर्या नारकरांची रूपाली पाहून काकू मान हलवून म्हणाल्या, "चांगलं करते, पण सुलेखासारखी थंडी वाजत नाही." थंडी न वाजण्याचं कारण ऐश्वर्याबाईंत नसून इन्व्हर्टरमध्ये आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री अचानक लाईट गेली. इन्व्हर्टर नेमका बिघडलेला. सगळे गॅलरीत आले, मोबाईलचे उजेड इकडेतिकडे फिरू लागले. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "सुलेखा आली का गं?" अर्धी बिल्डिंग हसली. उरलेली अर्धी भाडेकरूंची, तिला काही कळेना. शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या मुलीनं विचारलं, "कोण सुलेखा?" आणि आम्ही पाच जण एकदम सांगायला लागलो. काकूंच्या मते त्या रात्री ती दाराच्या आत आली होती. माझ्या मते अजून बाहेरच होती. आईच्या मते दार उघडलंच नव्हतं, वाड्यातला दिवा आधी विझला. मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

अर्ध्या तासानं लाईट आली. तरी आमचं काही ठरेना.